घाटाखाली प्रवाळ मोजायला जाताय? आधी घाटावर एवढं करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून दरवर्षी कॉलेजचे आणि निसर्गमंडळांचे गट मालवणला प्रवाळांची पाहणी करायला उतरतात. बहुतेक गट फोटो घेऊन परत येतात, नोंदी घेऊन नाही. नोंदी असल्याच तर दोन गटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हौस सगळ्यांकडे असते. चूक होते ती क्रमात. आधी गाडी ठरते, मग रविवार, मग हॉटेल, आणि भरती-ओहोटी कधी हे बंदरावर पोचल्यावर कळतं.

मीही यातूनच गेलोय. पहिल्या वर्षी आम्ही पौर्णिमा धरून गेलो, कारण 'पौर्णिमेला ओहोटी मोठी' एवढं कुणीतरी सांगितलं होतं. पहाटे बेळगाव सोडलं, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली करत अकराच्या सुमाराला मालवणात. समोर खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडक, नावाला दिसेना, सगळं पाण्याखाली. होडीवाले काका आमच्या टेपकडं आणि पाट्यांकडं बघून म्हणाले, "पाणी भरलां. आता काय बघतल्यात? फाल्या सकाळी येवा." दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या निम्म्यांना कामावर हजर व्हायचं होतं.

खालची पद्धत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या, म्हणजे कुरटे बेटाच्या, परिसरासाठी लिहिली आहे. कारवार किंवा मुरुडेश्वरच्या बाजूला जाणाऱ्यांनाही ती चालेल, फक्त परवानगीचं कार्यालय बदलेल.

१. आधी ठरवा: खडपावर चालायचं की पाण्यात उतरायचं?

ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

खडपावरचं काम म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर चौकट ठेवून आतलं मोजणं. पोहता येत नसलं तरी चालतं. शाळेच्या मुलांसाठी हेच बरं. पाण्यातलं काम म्हणजे दोन-तीन मीटर खोलीवर टेप अंथरून, मुखवटा आणि नळी लावून वरून तरंगत मोजणं. त्यासाठी पोहणारी, पाण्यात न घाबरणारी माणसं लागतात.

गटात आठ माणसं पुरेत, चार जोड्या. पंधराची बस भरली की सात जण प्रेक्षक होतात आणि प्रेक्षक प्रवाळावर उभे राहतात.

२. परवानगी: दोन-तीन महिने आधी

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आणि त्यातला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. तिथं अभ्यास म्हणून काही करायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज महाराष्ट्राच्या वन खात्याकडं जातो. आपला पत्ता कर्नाटकातला, त्यामुळं बेळगावच्या वन कार्यालयातून पत्र आणलं की झालं, असं अनेकांना वाटतं. त्या पत्राचा तिथं उपयोग नाही.

अर्ज व्यक्तीच्या नावानं करू नका, कॉलेज किंवा नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर करा. त्यात या गोष्टी स्पष्ट लिहा: तारखा (आणि पर्यायी तारखा), माणसांची यादी, नेमकी जागा, पद्धत, आणि 'काहीही गोळा करणार नाही, काहीही ठोकणार नाही' हे वाक्य. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा.

> सावधान: कठीण प्रवाळ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही 'आठवण' म्हणून पिशवीत टाकायचा नाही. परतताना गाडीतल्या सगळ्या पिशव्या गटप्रमुखानं स्वतः बघायच्या. मास्तर असाल तर मास्तरांचीसुद्धा.

३. गावाशी बोलणं, हातात वही न घेता

या पायरीला बहुतेक गट बगल देतात आणि पुढं सगळीकडं अडतात.

अभयारण्य जाहीर झाल्यापासून मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. आपली रोजची जागा उद्या बंद होईल ही त्यांची भीती. अशा गावात बाहेरची माणसं नकाशा आणि वही घेऊन खडपावर फिरू लागली, की त्यांना सरकारी माणसं समजलं जातं. म्हणून पाहणीच्या महिनाभर आधी दोघांनीच जायचं. होडीवाले, रापणीचे (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) लोक, आणि ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायका, या तिघांशी बोलायचं. कालवं काढणाऱ्या मावशींना विसरू नका. खडपाचा इंच न् इंच त्यांना ठाऊक असतो, आणि त्यांना विचारायला सहसा कुणी जात नाही.

बोलताना आधी सांगा: आम्ही कोण, पैसे कुणी दिले, आकडे कुणाकडं जाणार. मग विचारा: पूर्वी कुठं काय दिसायचं, आता काय दिसत नाही, पाणी कधी गढूळ होतं, नांगर कुठं टाकतात. मासे कुठं मिळतात हे विचारू नका. आणि कुणी बोलण्याच्या ओघात सांगितलंच तर नकाशावर मांडू नका.

माशांची नावं तिथल्या तोंडची लिहून घ्या. सीमाभागातल्या माणसाला इथं एक फायदा आहे. सुरमईला गोव्याकडं इसवण म्हणतात, कारवारच्या पुढं कन्नडमध्ये अंजल, आणि बेळगावच्या मासळी बाजारात ही तिन्ही नावं एकाच सकाळी कानावर पडतात. वहीत एका माशासमोर तिन्ही नावांचे रकाने ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षीचा गट एकाच माशाला तीन मासे समजेल.

होडीचं भाडं आधी ठरवा आणि पूर्ण द्या. 'समाजासाठी काम आहे, कमी करा की' म्हणायचं नाही. त्यांचा त्या दिवसाचा धंदा जातो.

तपासणी: गावातली निदान दोन माणसं तुमच्या गटात मोजणी करायला बसणार आहेत का? नुसती होडी चालवायला नव्हे, मोजायला. नसतील तर तारीख पुढं ढकला.

४. तारीख कॅलेंडरवरून नव्हे, तिथीवरून

पावसाळ्यात जायचा प्रश्नच नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला आणि पाणी मातकट. कामाचा काळ नोव्हेंबर ते मे. त्यातही पाणी नितळ हवं तर थंडीचे महिने, आणि प्रवाळ विरंजनाची, म्हणजे रंग उडण्याची, नोंद घ्यायची तर एप्रिल-मे, कारण पाणी तेव्हाच सगळ्यात तापतं.

आता तिथी. कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला सकाळी बेळगावहून निघालेला माणूस बरोबर भर पाण्यात पोचतो. आमचं तेच झालं होतं.

खडपावरच्या कामाला उधाणाची मोठी ओहोटी हवी, आणि ती उजेडात हवी. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण ओहोटी साडेपाचच्या आसपास पडते, तेव्हा धड दिसत नाही. द्वितीया-तृतीया धरा. द्वितीयेला भरती दीडला, म्हणून ओहोटी सकाळी साडेसातला. तृतीयेला सव्वाआठला. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस उधाणाचा जोर टिकून असतो, त्यामुळं पाणीही भरपूर मागं जातं.

पाण्यातल्या कामाला नेमकं उलटं. तिथं भांगाचं (कमी चढउताराचं) पाणी हवं, म्हणजे अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस. प्रवाह कमी, गाळ खाली बसलेला. दशमीला पूर्ण भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. भरती थांबलेली असताना बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि दुपारचं वारं अजून सुटलेलं नसतं. (आमच्या गटात दोन वारकरी आहेत. एकादशीला मालवणात राहून मासे न खाता परत येतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.)

ठोकताळा दिवस निवडण्यापुरता. वेळ पक्की करायची ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावरून. मुरगाव बंदराचा तक्ता जवळचा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त उतरते, तेव्हा नुसती वेळ बघू नका, उंचीचा आकडाही बघा. लाटांचा अंदाजही इन्कॉइसवरच मिळतो.

> सावधान: मुक्काम आदल्या रात्रीचाच. 'पहाटे निघू, थेट कामाला लागू' हा बेत आंबोलीच्या धुक्यात आणि वळणांवरच्या उलट्यांत संपतो.

५. घाटावरचा सराव: चार रविवार

पाहणी जमणार की फसणार, हे इथंच ठरतं. समुद्रावर शिकायला वेळ नसतो. भरतीच्या आजूबाजूला हातात जेमतेम दीड-दोन तास मिळतात.

पहिला रविवार: मैदान. आम्ही रीफ चेकची पद्धत वापरतो, जगभर स्वयंसेवक हीच वापरतात. १०० मीटर टेप अंथरायचा. त्यात २० मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे सोडायचे: ० ते १९.५, २५ ते ४४.५, ५० ते ६९.५, ७५ ते ९४.५. प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरला टेपच्या बरोबर खाली काय आहे ते लिहायचं. एका तुकड्यात ४० बिंदू, एकूण १६०.

व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर टेप अंथरा. त्याखाली आणि आजूबाजूला पोती, विटा, खडी, नारळाच्या करवंट्या, वाळूचे ढीग, ओले कपडे पसरा. करवंटी म्हणजे कठीण प्रवाळ, ओलं कापड म्हणजे मऊ प्रवाळ, असं ठरवा. दोन जोड्यांनी एकमेकांचं न बघता मोजायचं. मग बिंदूला बिंदू लावून बघायचं. पहिल्या दिवशी भांडणं होतात आणि ती झालीच पाहिजेत. "टेप वाऱ्यानं हलला", "मी वरून बघितलं, तू तिरकं बघितलंस" हे सगळं पाण्यातही होणार आहे. आमचा नियम: ४० पैकी ३६ बिंदू जुळेपर्यंत त्या जोडीला पाण्यात पाठवायचं नाही.

तिरकं बघण्यावर उपाय गवंड्याकडं आहे: ओळंबा. दोरीला बांधलेला लहानसा नट टेपच्या खुणेवरून सोडायचा, तो ज्याला टेकेल तेच लिहायचं. शेजारी कितीही सुंदर प्रवाळ असलं तरी ते नाही लिहायचं. नव्या माणसाचा हात चांगल्या गोष्टीकडं आपोआप सरकतो. याच मोहानं आकडे फुगतात.

दुसरा रविवार: ओळख. दहा प्रकार पाठ हवेत: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, खत-सांडपाण्यानं वाढणारं शेवाळ, स्पंज, खडक, तुकडे, वाळू, गाळ, इतर. सीमारेषा अशा: १५ सेंटिमीटरपेक्षा मोठा तो खडक, अर्धा ते १५ सेंटिमीटर ते तुकडे. चिमूटभर उचलून सोडल्यावर लगेच खाली पडली तर वाळू, ढगासारखा तरंगत राहिला तर गाळ.

प्रवाळांच्या जाती ओळखायला लागू नका. मालवणची प्रवाळं बहुतांशी गोलसर, धोंड्यासारखी दिसणारी. पोराइटीस, फेवाइटीस ही वंशांची नावं कानावर पडतील, टर्बिनारिया पानासारखं पसरलेलं दिसेल. नावं चुकली तरी बिघडत नाही. 'कठीण प्रवाळ' आहे की नाही हे चुकलं तर सगळंच बिघडतं.

आणि ते चुकतंच. कोकणातल्या खडपांवर झोअँथिड नावाचे जीव चटईसारखे पसरलेले असतात. पाणी ओसरल्यावर ते मिटतात आणि एकाला एक चिकटून शिवलेल्या गुंड्यांसारखे दिसतात. हिरवट, तपकिरी, चामड्यासारखे. नवखा माणूस त्याला हमखास प्रवाळ म्हणतो. त्यांना आत दगडी सांगाडा नसतो, आणि रीफ चेकच्या यादीत ते मऊ प्रवाळात जातात. दुसरी फसगत गुलाबी शेवाळाची: खडकावर रंग फासल्यासारखा कडक थर असतो, पण त्यावर प्रवाळाच्या तोंडांची नक्षी नसते. पहिल्या वर्षी आम्ही या दोन्हींना प्रवाळ म्हटलं. त्या वर्षीचे आकडे मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत.

> सावधान: झोअँथिड बोटानं दाबून बघायचे नाहीत. काहींत तीव्र विष असतं, हाताला जखम असेल तर धोका जास्त. बघून ओळखा. ओळखता आलं नाही तर 'इतर' लिहा आणि फोटो काढा.

तिसरा आणि चौथा रविवार: तलाव. पोहण्याच्या तलावातच. राकसकोपच्या जलाशयात किंवा नदीच्या डोहात नको. मुखवट्यातून पाण्यातली वस्तू खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं मोठी आणि एक चतुर्थांशानं जवळ आल्यासारखी दिसते. मासा ३० सेंटिमीटरचा आहे असं वाटतं तेव्हा तो बावीस-तेवीसचा असतो. यावर सराव सोपा: प्लंबरकडून पाइपाचे १०, २० आणि ३० सेंटिमीटरचे तुकडे घ्या, वजन बांधून तळाला टाका, वरून अंदाज सांगा, मग मोजा. दोन रविवारांत डोळा बसतो.

याच वेळी हाताला सवय लावा: पाटी एका हातात, ओळंबा दुसऱ्या, पाय मागं सरळ, गुडघे न वाकवता. तलावात जो थकल्यावर उभा राहतो, तो समुद्रातही उभा राहतो. तिथं त्याच्या पायाखाली फरशी नसते.

तपासणी: न थांबता २०० मीटर पोहून, लगेच पाटीवर ४० बिंदू वाचता येतील असे लिहिता येतात का? नाही आले तर त्या माणसाला होडीत नोंदी सांभाळायला बसवा. तेही मोठं काम आहे.

६. सामान

महाग काहीच लागत नाही. १०० मीटरचा फायबरचा टेप (लोखंडी नको, एका फेरीत गंजतो). बोर्ड रंगवणाऱ्यांकडं पांढरी फोम शीट मिळते. तिचे वहीएवढे तुकडे कापा, पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करा, पक्क्या मार्करनं रकाने आखा आणि साधी पेन्सिल दोरीनं बांधा. पाण्याखाली झकास लिहिता येतं. पेन्सिल दोन्ही टोकांनी तासलेली हवी, कारण पाण्यात टोक मोडलं की संपलं. खडपासाठी अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची पाइपाची चौकट. पाइपाला भोकं पाडा, नाहीतर ती तरंगत निघून जाते.

अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. अंगाला क्रीम चोपडून पाण्यात उतरू नका. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालासुद्धा. प्रथमोपचारात चिमटा, आणि थर्मासमध्ये गरम पाणी. विषारी काट्याचा मासा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

७. पाण्यातला क्रम

१. नांगर. होडी वाळूवर नांगरायची. काकांना तसं आधीच सांगितलेलं असावं. प्रवाळ मोजायला येऊन प्रवाळावरच नांगर टाकणारे गट मी बघितले आहेत.

२. अंधुक पाण्याची चाचणी. पाण्यात टेपचं टोक एकानं धरायचं, दुसऱ्यानं लांब जात राहायचं, एकमेकांना दिसेनासे झालात तो आकडा लिहायचा. तीन मीटरपेक्षा कमी असेल तर परत फिरा, हा आमचा नियम. भाडं वाया जातं, जाऊ दे.

३. टेप. एकच खोली धरून अंथरा. तणावून ठेवा, पण प्रवाळाभोवती गुंडाळू नका. सलग १०० मीटर जागा सापडली नाही तर २० मीटरचे चार वेगळे तुकडे चालतील. प्रत्येकाची जागा वेगळी लिहायची.

४. पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. टेप अंथरताना पळालेले मासे परत येऊ द्यायचे. ही पंधरा मिनिटं कुणालाच सोसत नाहीत. घड्याळ एकाच माणसाकडं द्या, आणि तो खमका असू दे.

५. मासे आधी. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर. सगळे मासे मोजू नका. ठरलेलेच मोजा: फुलपाखरू मासे, तांबोशीच्या कुळातले, आणि ३० सेंटिमीटरच्या वरचे गोबरे. मागून येऊन पुढं गेलेला मासा पुन्हा मोजायचा नाही.

६. मग तळावरचे जीव. शेवंड, लांब काट्यांचे समुद्री साळिंदर, समुद्रकाकडी. कपारीत डोळ्यानं बघा, हात घालू नका. मोडलेलं प्रवाळ, अडकलेली जाळी, प्लास्टिक यांचीही नोंद इथंच.

७. शेवटी तळ. ओळंबा आणि १६० बिंदू. हे शेवटी, कारण यात सगळ्यात जास्त हालचाल होते. आधी तळ मोजून मग मासे मोजले, तर मोजायला मासेच उरत नाहीत.

८. टेप गुंडाळताना ओढत आणू नका. पोहत जाऊन गुंडाळा.

अडकलेलं जाळं दिसलं की ते ओढून काढायचा मोह होतो. काढू नका. जागा लिहा, गावातल्या माणसाला सांगा. जाळ्याला मालक असतो, आणि ओढलं की त्याबरोबर प्रवाळही मोडतं.

खडपाच्या कामात क्रम सोपा: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी सुरुवात, पाण्याच्या कडेच्या मागोमाग खाली सरकत जायचं, आणि पाणी वळलं की काम टाकून वर. एक माणूस फक्त पाण्याकडं तोंड करून उभा. दगड उलटवून खाली बघितलंत तर तो तसाच परत ठेवा. उलटा राहिलेला दगड म्हणजे त्याखालच्या सगळ्यांची राखरांगोळी.

८. रंगपट्टीचं काम (एप्रिल-मे)

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरल वॉच प्रकल्पाची रंगपट्टी यासाठी वापरतात. तिच्यावर चार रंगछटांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, १ फिकट, ६ गडद. एक प्रवाळ निवडा, त्याचा सगळ्यात फिकट भाग पट्टीशी जुळवा, आकडा लिहा. मग सगळ्यात गडद भाग, तो आकडा. शेजारी आकार: फांद्यांचं, धोंड्यासारखं, पानासारखं की मऊ. एका जागी निदान २० प्रवाळं.

चुका ठरलेल्या आहेत. पट्टीची रंगीत झेरॉक्स काढतात. झेरॉक्सचा रंग वेगळा येतो, मग सगळंच वाया. फोटो काढून घरी जुळवतात. कॅमेरा पाण्यात रंग बदलतो. वाढीच्या टोकाला फांदी मुळातच फिकट असते, तिथंच पट्टी लावतात. आणि निवडताना पांढरीच प्रवाळं निवडतात. उपाय: टेपवर दर पाच मीटरला सगळ्यात जवळचं जे असेल ते.

पांढरं पडलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. आत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर गेलं की प्रवाळाचा पांढरा सांगाडा पारदर्शक मांसातून दिसतो, पण जीव आत असतो. पाणी वेळेत गार झालं तर रंग परत येतो. मेल्यावर त्यावर शेवाळाची लव चढते. 'नुकतंच मेलेलं' लिहायच्या आधी जवळून बघा: तोंडांत मांस आहे का? पट्टीवर त्याच जागी दोन पायऱ्यांचा फरक पडला तर तो खरा बदल. एका पायरीवरून आरडाओरडा नको.

पाण्याचं तापमान दर वेळी त्याच थर्मामीटरनं, त्याच खोलीवर घ्या.

९. त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी

जेवल्यावर कुणी नोंदी उतरवत नाही. सोलकढीनंतर तर नाहीच.

आधी प्रत्येक पाटीचा फोटो, मग उतरवणं, मगच पाटी धुणं. आमच्यातल्या एकानं नीटनेटकेपणा म्हणून दोन पाट्या होडीतच घासून लख्ख केल्या होत्या. ८० बिंदू समुद्रात गेले. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, तिसऱ्यानं पाटीवरून पुन्हा ताडून बघायचं. अक्षांश-रेखांश एकाच पद्धतीनं, दशांशात. भरतीची वेळ, दिसण्याचं अंतर, तापमान, मोजणाऱ्याचं नाव: हे रकाने रिकामे असतील तर बाकीचे आकडे नुसती शोभा.

टक्केवारी काढायला अवघड काही नाही. उदाहरणादाखल, चार तुकड्यांत कठीण प्रवाळाचे बिंदू ६, ९, ४, ५ आले. एकूण २४, भागिले १६०, म्हणजे १५ टक्के. पण तुकड्यागणिक बघा: १५, २२.५, १० आणि १२.५. एकाच टेपवर एवढा चढउतार असताना पुढच्या वर्षी १३ टक्के आले म्हणून 'प्रवाळ घटलं' अशी बातमी देऊ नका. देणारे देतात.

१०. आकडे आधी गावाला

अहवाल बेळगावात छापून इथंच सत्कार करून घ्यायचा नाही. महिन्याभरात पुन्हा दोघांनी खाली जायचं. एक पानाचा कागद, मोठ्या अक्षरात, मराठीत. मोजणीला बसलेल्या गावकऱ्यांची नावं त्यांना विचारून सगळ्यात वर. त्यांना काही चुकीचं वाटलं तर तिथंच दुरुस्त करा. "इथं गाळ आता नाय, पावसापासून हा" असं कुणीतरी सांगतं आणि तुमच्या आकड्याचा अर्थच बदलतो. मग वन खात्याला प्रत. ती परवानगीची अटही असते.

११. पुढच्या वर्षी तीच जागा

दर वर्षी नवी जागा मोजली तर तुलना कशाशी करणार? खिळे, सळ्या ठोकायची परवानगी आपल्याला नसते, आणि फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडंतिकडं दाखवतं. यावर होडीवाल्यांची पद्धत सगळ्यात चांगली: किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसरीकडच्या आणखी दोन दुसऱ्या रेषेत. जिथं दोन्ही रेषा जुळतात ती जागा. काका हे डोळ्यानं करतात, आपण दोन्ही दिशांचे फोटो काढून ठेवायचे आणि वहीत चित्र काढायचं.

खूण धरताना बुरुजाची कड, देवळाचा कळस, पुलाचा खांब असलं काहीतरी धरा. माड धरू नका. आमच्या पहिल्या रेषेतला माड २०२१ च्या तौक्ते वादळात गेला, आणि ती जागा शोधायला काकांना आणि आम्हाला अख्खी दशमी लागली.